तुमच्या डबीतल्या गोळ्या

आप्पा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी माझा तुमच्यावरचा राग गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकते. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलायचं असतं म्हणतात आणि चारचौघांत मी तसंच बोलते. कुणी विचारलं की सांगते, शिस्तीचे होते, कळंबला हायवेवर मेडिकल होतं, अर्ध्या तालुक्याला औषधं दिली, कुणाला कधी चुकीची गोळी दिली नाही. शेवटचं वाक्य बोलताना माझी जीभ जरा अडखळते. समोरच्याला वाटतं, आठवणीनं गळा दाटला. गळाबिळा काही दाटत नाही. मला राग येतो, आणि तो काढायला समोर तुम्ही नाही म्हणून आणखी येतो. माझ्याशी भांडायचं राहिलेलं असताना भर दुपारी दुकानात उभ्याउभ्या निघून गेलात. एवढी घाई तुम्हाला दुसऱ्या कुठल्याच गोष्टीत नव्हती.

तुमच्या लेखी मी कायम पाय हलवणारी मुलगी होते. संध्याकाळची वेळ आहे, तुम्ही आणि मी स्वयंपाकघरात जेवायला बसलोय, आई भाकरी टाकते आहे आणि मांडी घातलेल्या माझ्या पायाचा गुडघा आपला वर-खाली, वर-खाली चाललाय. तुम्ही डाव्या हाताचा पंजा त्यावर ठेवता आणि दाबून धरता. उजव्या हातानं जेवण चालूच. "पाय हलवू नको, घरातली लक्ष्मी जाती," एवढं एकच वाक्य, रोजचं. पण आप्पा, पाय मी हलवत नव्हते, तो हलवावा लागत होता. पोटरीच्या आत, अगदी हाडाजवळ, कुणीतरी टाका घालून दोरा ओढतंय असं व्हायचं. दुखायचं नाही, खाजायचं नाही, त्या मुंग्याही नव्हेत. हलवलं की क्षणभर थांबायचं आणि पुन्हा सुरू. दिवसभर शाळेत काही नाही, दिवेलागणीला बसलं की हे आलंच. आईला सांगितलं तर ती म्हणाली, खेळून खेळून पाय भरून येतात. तुम्हाला सांगितलं तर तुम्ही विचारलंत, दुखतं का? नाही. सूज आहे का? नाही. मग काय होतं? कसंतरी होतं, मी म्हटलं. 'कसंतरी' नावाच्या रोगाचं औषध तुमच्या दुकानात कुठल्याच फळीवर नव्हतं, तेव्हा तो विषय तिथेच संपला.

लग्नात तुम्ही मला पायानं चालवायची शिलाई मशीन दिलीत. तुमच्या हातून झालेलं माझं सगळ्यात मोठं भलं ते, आणि तुम्हाला त्याचा पत्ताही नव्हता. लोणीला सासरी आल्यावर माझ्या लक्षात आलं की संध्याकाळी मशीनवर बसलं आणि पायडल मारत राहिलं की पायांना चैन पडते. मग काय, ब्लाउज, परकर, शाळेचे गणवेश, बाजाराच्या पिशव्या, जे मिळेल ते मी शिवत सुटले. सून कामाची आहे, दिवे लागले तरी मशीन थांबत नाही, असं सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. मी मूग गिळून कौतुक ऐकून घ्यायचे. तुमच्या जावयांचं विहिरीवरच्या मोटारी रिवाइंड करायचं वर्कशॉप. त्यांनी एका दिवाळीला माझ्या मशीनला विजेची मोटर बसवून दिली. आता पाय चालवायचेच नाहीत, नुसता अंगठा टेकवायचा. त्या माणसाचा चेहरा इतका खुलला होता की मला तोंड उघडवेना. नशीब, त्या वर्षांत लोडशेडिंग जोरात होतं. संध्याकाळी लाइट गेली की मी पट्टा बदलून कंदिलाच्या उजेडात पायडलवर बसायचे. लाइट गेल्यावर खूश होणारी आंबेगाव तालुक्यातली मी एकटीच बाई असेन.

दुसऱ्या बाळंतपणानंतर मात्र मशीननंही भागेना. एसटीत बसायला जागा मिळाली तरी मी दांडा धरून उभी. नणंदेच्या घरच्या सत्यनारायणाला आम्ही जोडीनं बसलो आणि कथा अर्धी झाली नाही तोच मी पाटावरून उठून अंगणात चालायला गेले. पूजेवरून उठलेली सून म्हणून त्याची चर्चा पुढे किती घरांत झाली असेल ते विचारू नका. झोपेचं तर खोबरंच झालं होतं. सकाळी डोळे तारवटलेले, मुलांवर खेकसणं, माप चुकणं, गिऱ्हाइकांची बोलणी. तालुक्याच्या डॉक्टरांनी ताकदीची इंजेक्शनं दिली, मग झोपेची गोळी दिली, मग सांगितलं की मनाला फार लावून घेऊ नका. शेवटी हे मला पुण्याला मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. त्यांनी विचारलं, काय होतं? मी तेच म्हटलं, कसंतरी होतं. त्या हसल्या नाहीत. "संध्याकाळी बसल्यावर होतं आणि हलवलं की थांबतं, असं ना?" असं त्यांनी विचारलं आणि मी त्यांच्या टेबलावर डोकं ठेवून रडले.

रोगाला नाव होतं आप्पा. औषधही होतं. आधी रक्तातलं लोह कमी निघालं, त्याच्या गोळ्या झाल्या. मग म्हाताऱ्या माणसांचे हात थरथरतात त्यांना देतात ती गोळी दिली. त्या गोळीनं एक वर्ष मला स्वर्ग दाखवला आणि नंतर तीच उलटली. संध्याकाळचं दुखणं दुपारी तीनला सुरू व्हायला लागलं, पायातून हातात चढलं. डॉक्टरीणबाईंनी ती बंद केली आणि मला समोर बसवून सरळ सांगितलं, "आता देते ती गोळी अफूच्या जातीची आहे. तुमच्यापासून लपवत नाही. डोस अगदी लहान, संध्याकाळी एक. वाढवायची का, ते मी ठरवणार, तुम्ही नाही. आणि मनानं एकदम बंदही करायची नाही." मग विचारलं, घरात कुणाला दारू, कसलं व्यसन? मी म्हटलं, वडील सुपारीचं खांडसुद्धा खात नाहीत. पायांचं असं घरात कुणाला आहे का? मी ठासून सांगितलं, नाही.

आणि परतीच्या एसटीत, मंचरच्या अलीकडे कुठेतरी, मी दांडा धरून उभी असताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तुमच्या दुकानात स्टूल होतं. त्यावर तुम्हाला बसलेलं मी कधीच पाहिलं नव्हतं. कीर्तनाला तुम्ही देवळात खांबाशी उभे. लग्नाच्या पंगतीत तुम्ही वाढायला पुढे, बसायला सगळ्यात शेवटी, आणि उठायला पहिले. रोज जेवण झालं की हायवेच्या कडेनं पेट्रोल पंपापर्यंत चालत जाऊन यायचात, आई म्हणायची पचनासाठी. कसलं पचन आप्पा. तुमचे पाय तुम्हाला बसू देत नव्हते, आणि तुम्ही माझ्या गुडघ्यावर पंजा दाबून मला लक्ष्मीच्या गोष्टी सांगत होता. मला त्या एसटीत इतकी तिडीक आली की कंडक्टरनं सुट्टे मागितले तर मी त्याच्यावरच वस्कन ओरडले.

तरी चिठ्ठी घेऊन मी तुमच्याकडेच आले. दुसऱ्या कुणाकडे जाणार? बापाचं मेडिकल असताना पोरीनं औषध बाहेरून घ्यायचं म्हणजे तुमचा अपमान. तुम्ही चष्मा कपाळावरून खाली घेतलात आणि ती चिठ्ठी एवढा वेळ वाचलीत की मधे दोन गिऱ्हाइकं ताटकळली. तुम्ही काय आठवत होता ते मला कळत होतं. तो टेम्पोवाला. मी कॉलेजात होते तेव्हाची गोष्ट. आपल्याच आळीतला तरणाताठा माणूस, नारायणगावहून टोमॅटोचे क्रेट भरून वाशीच्या मार्केटला न्यायचा, पाठ धरली म्हणून डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन तुमच्याकडे आला होता. चिठ्ठी जुनी झाली तरी ओळखीवर तुम्ही त्याला त्या दुखण्याच्या कॅप्सूल देत राहिलात. मग तो एकाच्या जागी चार मागायला लागला. मग पाठ दुखत नसतानाही यायला लागला. तुम्ही बंद केलंत तेव्हा त्यानं तुमच्या काउंटरची काच फोडली, आणि तुम्ही पोलिसांत न जाता हातानं काचा वेचल्यात. टेम्पो गेला, बायको माहेरी गेली, तो आळेफाट्याच्या स्टँडवर बसून राहायला लागला. त्यानंतर तुम्ही त्या जातीचं औषधच दुकानात ठेवणं सोडलंत. कुणी मागितलं तर म्हणायचात, पुढं बघा. त्याच्याबद्दल तुम्ही घरात एक शब्द कधी बोलला नाहीत, पण आळेफाट्याला एसटी बदलायची असली की स्टँडच्या मागच्या बाजूनं जायचात.

चिठ्ठी घडी करून तुम्ही खिशात ठेवलीत आणि म्हणालात, "पुण्याहून मागवावी लागंल. परवा ये." परवा तुम्ही मला एक पांढरी प्लॅस्टिकची डबी दिलीत, त्यावर तुमच्या अक्षरात 'संध्याकाळी १'. सासरी कुणी नाव वाचायला नको म्हणून स्ट्रिपमधून काढून सुट्या दिल्यात, असं म्हणालात. आप्पा, मी त्या दिवशी घरी येईपर्यंत डोळे पुसत होते. मला वाटलं, आयुष्यात पहिल्यांदा या माणसाला माझ्या पायांचं खरं वाटलं. एवढा विचार केला, माझी लाज झाकली.

पहिले दोन-तीन आठवडे मी झोपले. मुलांना ओरडणं थांबलं, सासूबाईंनी विचारलं काय गं, चेहरा उजळलाय. मग हळूहळू पाय पुन्हा ओढायला लागले आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. कारण हेच तर मी टेम्पोवाल्याचं पाहिलं होतं. आधी लागू पडते, मग पडत नाही, मग आणखी मागावीशी वाटते. मला आणखी मागावीशी वाटत होती. दुपारपासून माझं लक्ष त्या डबीकडे जायचं. मी स्वतःला तपासायला एकदा गोळी बंद करून पाहिली, तर पाय असे उसळले की मी समजून चुकले, संपलं, आपल्याला लागलं. ह्यांना सांगितलं नाही. कपाटात साड्यांच्या खाली डबी लपवायला लागले, आणि लपवतेय म्हणजे नक्कीच व्यसन, असं पुन्हा स्वतःलाच ऐकवायला लागले. पुण्याला गेले तेव्हा डॉक्टरीणबाईंनीही माझ्याकडे जरा रोखून पाहिलं. सांगितल्यापेक्षा जास्त तर घेत नाही ना, असं दोनदा विचारलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी बराच विचार करून संध्याकाळी दोन करून दिल्या. मी ती चिठ्ठी तुम्हाला दाखवली तेव्हा तुम्ही मान हलवून म्हणालात, "बघ, वाढली ना? मला म्हाईत व्हतं." आणि डबीवरच्या एकाचे दोन केलेत.

त्या मे महिन्यात तुम्ही आईला घेऊन अष्टविनायकाला गेलात, दुकानाला कुलूप, आणि माझी डबी संपली. ह्यांनी मंचरच्या एका मेडिकलमधून चिठ्ठीवर गोळ्या आणल्या. दुकानदारानं ह्यांना नखशिखांत न्याहाळलं म्हणे. स्ट्रिपमधली गोळी लहान होती, पिवळसर. तुमची पांढरी, मोठी. मला वाटलं, कंपनी वेगळी असेल. जेवणाआधी दोन घेतल्या. तासाभरात घर फिरायला लागलं. आतडी बाहेर येतील अशा उलट्या झाल्या, अंगाला दरदरून घाम, जीभ जड. हे घाबरून गाडी काढायला निघाले, मी हातानं नको नको करते आहे आणि बोलता येत नाहीये. आणि त्या सगळ्यात एक गोष्ट मला स्वच्छ कळत होती, ती म्हणजे पाय शांत आहेत. कधी नव्हे इतके शांत.

दुसऱ्या दिवशी दुपारी उठून बसता आलं तेव्हा मी तुमच्या डबीच्या तळाशी राहिलेला एक तुकडा जिभेवर ठेवला. खडू. सासूबाईंना सरकारी दवाखान्यातून हाडांसाठी मिळायच्या त्या गोळ्यांतली एक चाखली. तोच खडू. तरी माझा विश्वास बसेना, म्हणून त्याच आठवड्यात तुकडा कागदात बांधून पुण्याला नेला. डॉक्टरीणबाईंनी तो नखानं उकरला आणि विचारलं, "हे कॅल्शियम आहे. तुम्हाला हे कुणी दिलं?" मी म्हटलं, गावातल्या मेडिकलमधून. त्या संतापल्या. "याच्या भरवशावर मी तुमचा डोस दुप्पट केला. शरीराला सवय नसताना एकदम दोन. काही बरंवाईट झालं असतं तर? या माणसाचं लायसन काढून घेतलं पाहिजे. दुकानाचं नाव सांगा." त्यांनी पेन उघडलं होतं. मी म्हटलं, ते दुकान बंद पडलं.

म्हणजे इतके महिने मी कॅल्शियमची व्यसनी होते आप्पा. कॅल्शियमच्या गोळ्या साड्यांखाली लपवत होते, कॅल्शियमसाठी जीव कासावीस करून घेत होते, आणि दारूड्यानं स्वतःला द्याव्यात तशा शिव्या मी आरशात बघून स्वतःला देत होते. तुम्ही हे सगळं समोर बसून, चुकलं, समोर उभं राहून बघत होतात. मी खंगत होते आणि तुम्ही म्हणत होतात, मला म्हाईत व्हतं. काय माहीत होतं तुम्हाला?

एसटीत मी सगळं बोलणं जुळवून ठेवलं. मंचरला उतरायचं सोडून कळंबपर्यंत पुढे आले. तुमच्या समोर रिकामी डबी आदळायची आणि विचारायचं, मी कोण आहे तुमची? मुलगी की टेम्पोवाला? दुपारची वेळ, दुकानात तुम्ही एकटेच, काउंटरमागे उभे. मी पायरी चढले आणि माझ्या मागून कुणीतरी चढलं. मी वळून पाहिलं तर तोच. केस पिकलेले, गालफडं बसलेली, पण अंगावर धुतलेला शर्ट. मार्केट यार्डात क्रेट उचलायच्या कामाला लागला होता, हे मला नंतर आईकडून कळलं. तो तुमच्याकडे न बघता म्हणाला, "आप्पा, डोकं लई ठणकतंय. साधी द्या, तसली नको."

"तसली मी ठेवतच न्हाई," तुम्ही म्हणालात.

एवढंच. तुम्ही त्याला साधी गोळी दिलीत, तो गेला. पण त्या वेळचा तुमचा चेहरा मी पाहिला. त्यात राग नव्हता, किळस नव्हती. माणूस आपल्या हातानं केलेल्या नुकसानाकडे बघतो तसे तुम्ही त्याच्या पाठीकडे बघत होतात, तो रस्ता ओलांडून दिसेनासा होईपर्यंत. आणि आदळायला आणलेली डबी माझ्या हातातच राहिली. मी खरं बोलले असते तर तुम्हाला कळलं असतं की तसली गोळी मी घेते, आणि पुढचं सगळं आयुष्य तुम्ही माझ्याकडे असंच बघितलं असतं. जेवताना, दिवाळीला, नातवंडांना जवळ घेताना. तुमचा राग मी सोसला असता. ते बघणं मला सोसवलं नसतं.

मग तुमचं माझ्याकडे लक्ष गेलं. माझ्या हातातली डबी दिसली. "काय गं, लागती का झोप आता?" तुम्ही विचारलंत.

"लागते," मी म्हटलं.

"वाटलंच मला." तुम्ही माझ्या हातातून डबी घेतलीत, मागे गेलात, भरून आणलीत. आणि हसलात आप्पा. तुमचं हसणं म्हणजे काही रोजची गोष्ट नव्हे.

त्यानंतर पुण्याच्या चिठ्ठीवर मंचरहून खरी गोळी यायला लागली, संध्याकाळी एक, आणि महिन्याच्या महिन्याला तुमची डबीही येत राहिली. मी सुधारले. पुढच्या दिवाळीला कळंबला आले तेव्हा पुरणपोळीच्या जेवणाला शेवटपर्यंत मांडी घालून बसले. तुम्ही दोनदा माझ्या गुडघ्याकडे पाहिलंत. जेवण झाल्यावर तुम्ही ह्यांना बाहेर ओट्यावर नेलंत आणि हळूच सांगितलंत की जावईबापू, मी तिला नुसतं कॅल्शियम देतोय, सगळा मनाचा खेळ असतो, पोरीला तसल्या गोळ्यांपासून वाचवली मी. हे बिचारे आत आले, माझ्याकडे बघून त्यांनी कपाळाला हात लावला. आम्ही दोघांनी काही बोलायचं नाही असं ठरवलं. ठरवलं म्हणजे मीच ठरवलं. म्हटलं, होऊ दे त्यांना खूश, अजून थोडे दिवस जाऊ देत, मग सांगते. टेम्पोवाल्याच्या बाबतीत जे झालं ते माझ्या बाबतीत झालं नाही, एकच गोळी वर्षानुवर्षं एकच राहिली, हे चार वर्षं दाखवून मग सांगते. तसं दाखवून देऊन तुमच्याच तोंडून 'माझी चूक झाली' हे वदवून घ्यायचं होतं मला. तुम्ही चार वर्षं थांबला नाहीत. पोरीला बरी केली या समाधानात गेलात. तेराव्याला आलेल्या निम्म्या लोकांना ती गोष्ट माहीत होती, तुम्हीच सांगितलेली. एक मावशी मला जवळ घेऊन म्हणाली, बापानं तुला व्यसनातून काढली गं. वाढपी आला म्हणून सुटले.

राग त्याचाच आहे. कॅल्शियम दिलंत त्याचा आता तितका नाही. भीतीपोटी दिलंत, कळतंय मला. पण तुम्ही स्वतःच्या पायांबद्दल एकदा जरी बोलला असतात, की पोरी, मलाही होतं असं, तर मी माझ्या गोळीबद्दल बोलले असते. तुम्ही चालून चालून जिरवलंत आणि तुम्हाला वाटलं, प्रत्येकाला जिरवता यायला पाहिजे. मला नाही येत. अजूनही संध्याकाळी एकच घेते. तीन दुकानदार बदलले, प्रत्येकानं चिठ्ठी उलटसुलट करून माझ्या तोंडाकडे बघितलं. एकानं विचारलंसुद्धा, ताई, किती वर्षं घेताय ही? तेव्हा माझी मान आपोआप खाली जाते, आणि काही गुन्हा केलेला नसताना खाली गेली म्हणून घरी येऊन मी भांडी आपटते. डॉक्टरीणबाई म्हणतात, व्यसन असतं तर इतक्या वर्षांत एकाच्या दहा झाल्या असत्या. मला पटतं. तुम्हाला पटवायचं राहिलं.

हे लिहून मी कुठे पाठवणार? मशीनच्या खणात टाकीन, नाहीतर उद्या बंबात घालीन. पण लिहितेच आहे तर एक सांगते, जे ह्यांनाही ठाऊक नाही. तुमच्या डबीतल्या गोळ्या मी कधी फेकून दिल्या नाहीत. खडू आहे हे माहीत असूनसुद्धा घेत होते, रोज संध्याकाळी, आधी तुमची आणि मग माझी. तुम्ही गेल्यावर शेवटची डबी संपली, आणि त्या महिन्यात खरी गोळी तीच, डोस तोच असताना माझे पाय पुन्हा असे ओढायला लागले की मी मोटर काढून पायडलवर बसले. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, मधेच काही बंद केलंत का? मी म्हटलं, नाही, काही नाही.